खंडवहनाचा पुरावा आणि नाशिकचा काळा पाषाण : वेगेनर यांच्या ग्रंथाचे पुनर्मूल्यमापन

१

आल्फ्रेड वेगेनर यांचा खंडांच्या व महासागरांच्या उत्पत्तीविषयीचा जर्मन ग्रंथ १९१५ साली प्रथम प्रसिद्ध झाला. १९२०, १९२२ आणि १९२९ अशा त्याच्या आणखी तीन आवृत्त्या निघाल्या व प्रत्येक आवृत्तीच्या वेळी ग्रंथकाराने नव्या माहितीच्या आधारे आपल्या मांडणीत फेरफार केले. तिसऱ्या आवृत्तीचे इंग्रजी भाषांतर १९२४ साली झाले आणि तेव्हापासून हा ग्रंथ जगभर वादाचा विषय झाला. शास्त्रीय ग्रंथाचे आयुष्य सामान्यतः अल्प असते. त्यातील खरा अंश पुढील पाठ्यपुस्तकांत विरघळून जातो व चुकीचा अंश विस्मरणात जमा होतो. वेगेनर यांच्या ग्रंथाचे मात्र तसे झालेले नाही. त्याचा मुख्य निष्कर्ष, म्हणजे खंड एके काळी एकत्र होते व नंतर ते एकमेकांपासून दूर गेले हा, आज सर्वमान्य आहे. परंतु या हालचालीचे कारण म्हणून त्यांनी सांगितलेली बले निरुपयोगी ठरली, त्यांनी आधारास घेतलेले मोजमाप चुकीचे निघाले, आणि भारताविषयी त्यांनी रेखाटलेले चित्र तर बऱ्याच अंशी सोडून द्यावे लागले.

कारण चुकले, मोजमाप चुकले, पण निष्कर्ष टिकला, अशा ग्रंथाची योग्यता कशी ठरवावयाची? हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. पुरावा कशास म्हणावे, अनेक दुबळे पुरावे एकत्र आल्याने एक सबळ पुरावा सिद्ध होतो काय, आणि कारण ठाऊक नसताना एखादी घटना घडली असे मानावे काय, हे सारे प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. महाराष्ट्रातील अभ्यासकाला या प्रश्नांत विशेष स्वारस्य वाटावे असे आणखी एक कारण आहे. ज्या काळ्या पाषाणावर नाशिक शहर वसले आहे, ज्यात पांडवलेणी कोरली गेली आणि ज्याच्या कड्यातून त्र्यंबकेश्वरी गोदावरी उगम पावते, त्याच दख्खनच्या लाव्हाने वेगेनर यांच्या मृत्यूनंतर पाव शतकाने या वादात साक्ष दिली. ती साक्ष नेमकी काय होती, तिने काय सिद्ध झाले व काय झाले नाही, हे पाहून मूळ ग्रंथाकडे पुन्हा वळणे उचित होईल.

२

वेगेनर हे व्यवसायाने वातावरणशास्त्रज्ञ. भूशास्त्राच्या क्षेत्रात ते बाहेरून आले, हा त्यांच्यावरील आक्षेप पुष्कळदा उगाळला गेला आहे. वस्तुतः त्यांच्या युक्तिवादाचे बळ या बाहेरच्या दृष्टीतच आहे. भूशास्त्र, जीवाश्मशास्त्र, प्राचीन हवामान आणि भूभौतिकी या शाखांतील विद्वान आपापल्या पुराव्याचा स्वतंत्रपणे विचार करीत होते. वेगेनर यांनी ते सर्व पुरावे एका पंक्तीस बसविले व एकाच गृहीतकाने त्या सर्वांचा उलगडा होतो काय हे पाहिले.

या पुराव्यातील काही महत्त्वाचा भाग महाराष्ट्राच्या भूमीतच पडलेला आहे, याची जाणीव आपल्याकडे फारशी आढळत नाही. नागपूरच्या परिसरात स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केलेल्या वनस्पतींच्या जीवाश्मांचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ साली प्रसिद्ध केले. त्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस या जिभेच्या आकाराच्या पानांच्या वनस्पतीचे ठसे विपुल मिळतात. हीच वनस्पती दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात मिळाली, आणि दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली मरण पावलेल्या स्कॉट यांच्या तुकडीने अखेरपर्यंत जवळ बाळगलेल्या सुमारे १६ किलो दगडांतही तिचे अवशेष निघाले. दुसरा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यातील. तेथे इरई या ठिकाणी टालचीर थराच्या गोट्यांखाली चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला व समांतर ओरखड्यांनी भरलेला आढळतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फेडन यांनी १८७५ साली त्याची नोंद प्रसिद्ध केली. असे ओरखडे सरकत्या हिमाच्या तळाशी रुतलेल्या दगडांनी उमटतात. टालचीर थर हिमजन्य असावेत ही कल्पना ओडिशातील निरीक्षणांवरून ब्लॅनफर्ड बंधू व थिओबाल्ड यांनी १८५६ सालीच मांडली होती. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, ज्या प्रदेशात आज उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो त्या चंद्रपुरात, हिमाचे जाड थर सरकत होते, असा याचा अर्थ होतो.

या साम्याचा खुलासा वेगेनर यांच्या पूर्वीही दिला जात असे. एडुआर्ड झ्यूस यांनी भारतातील गोंडवन प्रदेशाचे नाव घेऊन ‘गोंडवाना-भूमी’ची कल्पना मांडली. त्यांच्या मते खंड जागच्या जागीच होते. मधले भूभाग कालांतराने खचून समुद्राखाली गेले. प्राण्यांच्या व वनस्पतींच्या प्रसारासाठी असे भूसेतू आवश्यकतेप्रमाणे उभारले जात आणि काम संपताच बुडविले जात. वेगेनर यांचे सर्वांत तर्कशुद्ध प्रकरण या भूसेतूंच्या खंडनाचे आहे. खंडांचे खडक हलके आणि सागरतळाचे खडक जड असतात. हलका भाग जड भागावर समतोलाने तरंगत असतो, हे गुरुत्वाच्या मोजणीवरून ठाऊक झाले होते. असे असता हजारो किलोमीटर रुंदीचा हलका भूभाग जड तळात बुडून नाहीसा कसा होईल? तो बुडू शकत नसेल तर दोनच पर्याय उरतात. एक तर साम्य आकस्मिक मानावयाचे, किंवा खंडच सरकले असे म्हणावयाचे. शिवाय भूसेतूंनी ग्लॉसोप्टेरिसचा प्रसार समजावून देता आला, तरी चंद्रपूरच्या हिमाचा उलगडा त्यांनी होत नाही. सेतू बांधल्याने विषुववृत्त हलत नाही. हे खंडन आजही वाचनीय आहे आणि ग्रंथाच्या चिरस्थायी भागात त्याची गणना करावी लागते.

३

तथापि ग्रंथाच्या इतर भागांविषयी असे म्हणता येत नाही. १९२९ च्या आवृत्तीत वेगेनर यांनी भूमापनाचा पुरावा इतर पुराव्यांच्या आधी मांडला. ग्रीनलंडच्या रेखांशांची वेगवेगळ्या काळी झालेली मोजणी ताडून पाहता ते बेट वर्षाला अनेक मीटर या गतीने युरोपपासून दूर जात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात ही गती वर्षाला काही सेंटिमीटरांपेक्षा अधिक नाही. त्या काळच्या उपकरणांची चूक हीच हालचाल म्हणून वाचली गेली. ज्या पुराव्याला ग्रंथकाराने अग्रमान दिला तोच सर्वांत कच्चा निघावा, ही गोष्ट टीकाकाराने नजरेआड करता कामा नये. अनेक दिशांनी आलेल्या अप्रत्यक्ष पुराव्यावर ज्याची सारी भिस्त होती, त्याच ग्रंथकाराला प्रत्यक्ष मोजमापाचा मोह पडला आणि त्या मोहाने पुढे विरोधकांच्या हाती शस्त्र दिले.

दुसरा दोष बलांचा. पृथ्वीच्या भ्रमणामुळे खंडांवर ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे ढकलणारे एक सूक्ष्म बल उत्पन्न होते, तसेच चंद्रसूर्यांच्या आकर्षणाने पश्चिमेकडे ओढ लागते. या दोहोंमुळे खंड सरकतात, असा वेगेनर यांचा कयास होता. ही बले पर्वत उभारण्यास सर्वथा अपुरी आहेत, हे हॅरल्ड जेफ्रीज यांनी गणिताने दाखविले. या आक्षेपाला उत्तर नव्हते. बलाचा प्रश्न अद्याप अनिर्णित असल्याची कबुली वेगेनर यांनीही १९२९ च्या आवृत्तीत दिली आहे. परंतु जेफ्रीज यांच्या गणितापासून विरोधकांनी जो निष्कर्ष काढला, तो गणितातून निघत नव्हता. सांगितलेले कारण अपुरे आहे एवढेच त्याने सिद्ध होते. घटना घडलीच नाही असे सिद्ध होत नाही. आर्थर होम्स यांनी १९२८ साली पृथ्वीच्या अंतरंगातील उष्णतेमुळे उद्भवणाऱ्या मंद अभिसरण प्रवाहांची कल्पना मांडून पर्यायी कारण सुचविले होते. त्याकडे पुढील पाव शतक फार थोड्यांनी लक्ष दिले.

तिसरा दोष भारताविषयीचा, आणि येथील वाचकाने तो अधिक बारकाईने पाहावयास हवा. वेगेनर यांच्या नकाशात भारत हा आशियापासून विलग झालेला खंड नाही. मादागास्करच्या शेजारी असलेले भारताचे टोक एका लांबलचक भूभागाने आशियाला जोडलेले आहे. हा भूभाग उथळ समुद्राने व्यापलेला असला तरी तो खंडाचाच भाग आहे. पुढे तो चुरगळून त्याच्या घड्यांचा हिमालय झाला, अशी ही कल्पना. या चित्रात भारताचा उत्तरेकडील प्रवास आहे, पण मधला महासागर नाही. आज मान्य असलेल्या चित्रात भारत व आशिया यांच्यामध्ये टेथिस हा खरा महासागर होता. त्याचा तळ आशियाच्या कडेखाली सरकत जाऊन नाहीसा झाला, आणि त्याचे तुटके अवशेष सिंधू व त्सांगपो नद्यांच्या खोऱ्यांलगतच्या पट्ट्यात सापडतात. वेगेनर यांना महासागराचा तळ उत्पन्न होतो व नाहीसा होतो ही कल्पनाच नव्हती. त्यांच्या दृष्टीने तो एक निष्क्रिय पट होता, ज्यावरून खंड वाट काढीत जातात. ग्रंथाची सर्वांत मोठी मर्यादा हीच होय. बलांचा दोष तिच्यातूनच जन्मला, कारण घट्ट सागरतळातून खंड नांगराप्रमाणे पुढे ढकलावयाचा म्हटले की त्यासाठी अशक्य कोटीतील बल लागणारच.

४

आता नाशिकच्या पाषाणाकडे वळावे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर भेगांतून लाव्हाचे लोट वाहिले व एकावर एक थर साचत गेले. आज उरलेल्या या थरांनी सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे आणि पश्चिम घाटाच्या बाजूला त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरांच्या घरात जाते. यांतील बहुतेक लाव्हा सुमारे दहा लाख वर्षांच्या अवधीत बाहेर पडला, असे अलीकडील कालमापन सांगते. नाशिक जिल्ह्यातील साल्हेर (१,५६७ मीटर), अंजनेरी, ब्रह्मगिरी, रामशेज या डोंगरांच्या कुशीत हे थर पायऱ्यांसारखे उघडे पडलेले दिसतात. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. पहिला लोट थंड होऊन त्याची माती होण्याइतका काळ लोटल्यावर दुसरा लोट आला, याची ती खूण. भूशास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातील थरांची जी क्रमवारी लावली आहे, तीत तळाकडील एका गटाला नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीचेच नाव दिलेले आहे.

हा काळवत्री दगड चुंबकीय दृष्ट्या मुका नाही. त्यात मॅग्नेटाइट जातीच्या खनिजाचे सूक्ष्म कण असतात. लाव्हा सुमारे १,१०० अंश सेल्सियस तापमानाला बाहेर पडतो. त्या तापमानाला या कणांत कायम चुंबकत्व राहू शकत नाही. थंड होताना ५८० अंशांच्या खाली तापमान उतरू लागले की कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धारण करतात आणि दगड पुन्हा तापला नाही तर ती दिशा कोट्यवधी वर्षे टिकते. पृथ्वीचे क्षेत्र, हजारो वर्षांची सरासरी घेतली असता, तिच्या अक्षालगत ठेवलेल्या चुंबकासारखे असते. अशा क्षेत्रात विषुववृत्तावर चुंबकसूची आडवी राहते, ध्रुवावर उभी राहते, आणि मधल्या प्रदेशात तिच्या कलाची स्पर्शज्या ही त्या स्थळाच्या अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट असते. म्हणजे दगडातील कल मोजला की दगड कोणत्या अक्षांशावर थंड झाला ते काढता येते.

नाशिक आज २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. या नियमाप्रमाणे तेथे आज थंड होणाऱ्या लाव्हातील दिशा उत्तरेकडे व क्षितिजाखाली सुमारे ३६ अंश झुकलेली असावयास हवी. दख्खनच्या थरांत तसे आढळत नाही. त्यांच्या वरच्या भागातील सुलट चुंबकत्वाच्या थरांत दिशा वायव्येकडे असून कल क्षितिजाच्या वर आहे. इगतपुरी ज्यात मोडते त्या खालच्या जाड भागात बहुतेक थर उलट चुंबकत्वाचे आहेत. त्यांत दिशा आग्नेयेकडे आणि कल खाली. दोन्ही गटांत कलाचा आकडा ४५ अंशांच्या आसपास येतो. सुलट काळात वर झुकलेली दिशा व उलट काळात खाली झुकलेली दिशा फक्त दक्षिण गोलार्धातच मिळू शकते. ४५ अंश कलाला सुमारे २७ अंश अक्षांश लागतो. म्हणजे लाव्हा थंड झाला तेव्हा नाशिकची भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस २७ अंशांच्या जवळपास होती. तेथून आजच्या जागेपर्यंतचे अंतर सुमारे ४७ अंश, म्हणजे ५,२०० किलोमीटरांच्या घरात येते आणि वर्षाला सरासरी आठ सेंटिमीटर गती पडते. दिशा उत्तरेऐवजी वायव्येकडे वळलेली असल्याने प्रवासात भारतभूमी घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने काहीशी फिरली, हेही त्याच दगडातून कळते.

या पुराव्याची एक जमेची बाजू येथे नमूद करावयास हवी. थर घड्या पडून वाकलेले असतील तर दगडातील दिशा मूळची की नंतरची हे ठरविण्यास बरीच गणिते करावी लागतात. नाशिक परिसरातील थर जवळजवळ आडवे आहेत. त्यामुळे ही अडचण येथे किरकोळ ठरते. शिवाय सुलट व उलट अशा दोन्ही गटांच्या दिशा एकमेकींच्या जवळजवळ बरोबर विरुद्ध आहेत. नंतरच्या काळातील क्षेत्राने दगडावर आपला ठसा उमटविला असता तर दोन्ही गट एकाच बाजूला ओढले गेले असते. म्हणून वाचलेली दिशा मुख्यतः मूळचीच आहे, असे मानण्यास जागा आहे.

५

ही साक्ष प्रथम कशी स्वीकारली गेली, याचा इतिहास उद्बोधक आहे. केंब्रिज येथे एडवर्ड आयर्व्हिंग यांनी १९५४ साली सादर केलेल्या प्रबंधात दख्खनच्या दगडांवरील मोजणीचा व त्यावरून निघणाऱ्या भारताच्या उत्तरगमनाचा समावेश होता. त्या प्रबंधाला पदवी मिळाली नाही. १९५६ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी भारतातील खडकांच्या चुंबकत्वावरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. त्यानंतर १९५९ साली डॉइच यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांच्यासमवेत दख्खन ट्रॅपच्या प्राचीन चुंबकत्वावर विस्तृत निबंध लिहिला. दोन्ही निबंधांचा रोख एकच होता : भारत दक्षिण गोलार्धातून आला.

आज हे निबंध भविष्यसूचक वाटतात. परंतु त्या काळी ते पाहून ज्यांची खात्री पटली नाही त्यांना हटवादी म्हणणे न्यायाचे होणार नाही. दगडातील नंतरचे, अस्थिर चुंबकत्व उष्णतेने किंवा प्रत्यावर्ती क्षेत्राने पुसून मूळचे तेवढे शिल्लक ठेवण्याच्या पद्धती तेव्हा बाल्यावस्थेत होत्या. विजेच्या आघातानेही पृष्ठभागावरील दगडाचे चुंबकत्व बदलू शकते. याहून महत्त्वाचा आक्षेप तर्काचा होता. एका खंडातील दगड एवढेच सांगतो की तो व चुंबकीय ध्रुव यांच्यातील अंतर बदलले. दगड सरकला की ध्रुव सरकला, हे एकट्या दगडावरून ठरत नाही. या आक्षेपाचे उत्तर दगडांच्या तुलनेतच मिळते. दख्खनच्या लाव्हाच्या समकालीन युरोपीय खडकांतून जो ध्रुव निघतो तो आजच्या ध्रुवाच्या बराच जवळ आहे. दख्खनच्या खडकांतून निघणारा ध्रुव त्यापासून फार दूर पडतो. एका वेळी पृथ्वीला दोन उत्तर ध्रुव असू शकत नाहीत. म्हणून दोहोंपैकी निदान एक भूमी दुसरीच्या संदर्भात सरकली, हे मानणे भाग पडते. वेगेनर यांच्या निष्कर्षाला इतका काटेकोर आधार त्यापूर्वी मिळालेला नव्हता.

तरीही या साक्षीला एक कायमची मर्यादा आहे. तिच्यावरून अक्षांश कळतो, रेखांश कळत नाही. नाशिकची भूमी २७ अंश दक्षिणेस होती. परंतु ती आफ्रिकेच्या शेजारी होती की ऑस्ट्रेलियाच्या, हे काळ्या पाषाणाला विचारून उपयोग नाही. त्यासाठी दुसरा साक्षीदार हवा होता, आणि तो महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरील समुद्राच्या तळाशी सापडला.

६

१९६२ साली हॅरी हेस यांनी सागरमध्य पर्वतरांगांपाशी नवा तळ निर्माण होऊन दोन्ही बाजूंना पसरत जातो, ही कल्पना प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने अरबी समुद्राच्या दक्षिणेकडील कार्ल्सबर्ग रांगेवर चुंबकीय पाहणी केली. तिच्या आधारे फ्रेडरिक व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ साली असे प्रतिपादन केले की, पसरणारा सागरतळ थंड होताना पृथ्वीच्या क्षेत्राचे सुलट-उलट फेरे पट्ट्यापट्ट्यांनी नोंदवून ठेवतो. दख्खनच्या डोंगरात जी नोंद खालून वर एकावर एक रचलेली आहे, तीच सागरतळावर मधून दोन्ही बाजूंना आडवी पसरलेली आहे. या पट्ट्यांवरून सागरतळाची वये काढता येऊ लागली आणि त्यांच्या आधारे मागे मागे जाऊन खंडांच्या जुन्या जागा अक्षांश-रेखांशांसह ठरविता आल्या. १९६७-६८ च्या सुमारास मॅकेन्झी व पार्कर, मॉर्गन आणि ल पिशाँ यांनी या सर्वांची सांगड घालून भूपट्टांचा सिद्धांत उभा केला. त्यात सरकतो तो खंड नव्हे. खंड व सागरतळ दोन्ही आपल्या पाठीवर घेणारा शंभर किलोमीटरांच्या आसपास जाडीचा पट्ट सरकतो. त्याला ओढणारे मुख्य बल म्हणजे थंड, जड झालेल्या सागरतळाचे अंतरंगात बुडणे. वेगेनर यांची बलांविषयीची अडचण अशा रीतीने सुटली, पण ती त्यांच्या चित्राला मूळातून बदलूनच सुटली.

नव्या चित्रात नाशिकच्या लाव्हाला एक जन्मस्थानही देण्यात आले. आज जिवंत असलेला रेयुनियन बेटावरील ज्वालामुखी ज्या उष्णस्थानावर आहे, त्याच्यावरून भारत जात असताना दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. लक्षद्वीपपासून मालदीव व शागोसपर्यंत आणि पुढे मॉरिशसपर्यंत पसरलेली ज्वालामुखीजन्य रांग दक्षिणेकडे वयाने लहान होत जाते. १९८७ साली सागरतळात घेतलेल्या विंधनांनी या क्रमास पुष्टी दिली. येथे मात्र सावधगिरी बाळगावयास हवी. रेयुनियन २१ अंश दक्षिणेस आहे आणि दगडाचा आकडा २७ अंशांच्या आसपास आहे. हे सुमारे सहा अंशांचे अंतर सामान्य वर्णनात गाळले जाते. त्याचा काही भाग मोजणीतील अनिश्चिततेने, काही भाग उष्णस्थान स्वतः अल्पस्वल्प सरकल्याने व काही भाग पृथ्वीचा अक्षच सर्व पट्टांच्या संदर्भात थोडा हलल्याने स्पष्ट करता येतो. हा फरक सिद्धांताला बाधक नाही. परंतु दोन स्वतंत्र साक्षी तंतोतंत जुळत नाहीत, हे सांगणे हे साक्ष नोंदविणाराचे कर्तव्य आहे. जुळवून घेतलेल्या साक्षीपेक्षा थोडी विसंगत परंतु स्वतंत्र साक्ष अधिक मोलाची असते.

गोदावरीचा प्रवाह हाही या इतिहासाचाच एक परिणाम. अरबी समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटरांवर उगम पावणारी ही नदी त्या समुद्राकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर वाहते व बंगालच्या उपसागराला मिळते. दख्खनच्या लाव्हानंतर लवकरच सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटला. या भंगाच्या सुमारास पश्चिमेची कड उंचावली आणि पठाराला पूर्वेकडे उतार मिळाला. आजचा घाट ही त्या तुटलेल्या कडेची झिजत झिजत मागे सरलेली भिंत होय.

७

या पार्श्वभूमीवर मराठीतील प्रचलित मांडणीकडे पाहिले असता दोन उणिवा जाणवतात. पहिली परिभाषेची. मराठी विश्वकोशाने ‘खंडविप्लव’ ही संज्ञा योजिली. अन्यत्र ‘खंडवहन’ किंवा ‘भूखंडवहन’ म्हटले जाते. ‘विप्लव’ शब्दातील धातू तरंगण्याचा अर्थ देतो, हे व्युत्पत्तीच्या दृष्टीने योग्य आहे. पण मराठी वाचकाच्या मनात त्या शब्दाने उत्पात व बंडाळी यांचे चित्र उभे राहते, तर ही घटना नखाच्या वाढीइतकी मंद आहे. ‘वहन’ शब्दाने ती मंदता सुचविली जाते, पण खंड प्रवाहपतित होऊन वाहत जातात असा गैरसमज होतो. दोन्ही संज्ञा वेगेनर यांच्या कल्पनेला लागू पडतात. भूपट्टांच्या सिद्धांताला पडत नाहीत. वेगेनर यांच्या मताला ‘खंडवहन’ व नंतरच्या सिद्धांताला विश्वकोशातच रूढ झालेली ‘भूपट्ट सांरचनिकी’ ही संज्ञा वापरावी आणि दोहोंची सरमिसळ टाळावी, हे श्रेयस्कर होय. ही सरमिसळच वेगेनर यांना जे त्यांनी म्हटले नाही त्याचे श्रेय देते आणि जे म्हटले त्याचे दोष झाकते.

दुसरी उणीव उदाहरणांची. शालेय पुस्तकांतून ब्राझील व आफ्रिका यांच्या किनाऱ्यांची जुळणी ठळकपणे दिली जाते. ती दर्शनीय आहे, पण सर्वांत दुबळीही आहे. आकार जुळतात म्हणून वस्तू एकच होती असे ठरत नाही. इरईचे ओरखडे, कामठीच्या खडकांतील पाने व इगतपुरीच्या दगडातील कल ही उदाहरणे महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला एका दिवसाच्या प्रवासात पाहावयास मिळण्याजोगी आहेत. त्यांच्याविना शिकविलेला सिद्धांत विद्यार्थ्याला परक्या मुलखातील वार्तेसारखा वाटतो. तो ती पाठ करतो. तिची परीक्षा घेत नाही.

या उणिवेचा एक व्यावहारिक परिणाम विशेष चिंतेचा आहे. प्राचीन चुंबकत्वाचा नमुना जागेवरूनच घ्यावा लागतो. दगड डोंगरातून काढण्यापूर्वी त्यावर उत्तर दिशा व क्षितिज यांची खूण करावी लागते. खूण न करता सुटा झालेला दगड किती का सुंदर असेना, या कामी निरुपयोगी. नाशिक व त्र्यंबक परिसरातील डोंगर खडीसाठी फोडले जात आहेत आणि त्याविरुद्ध अलीकडच्या वर्षांत आवाजही उठला आहे. परंतु तो जलस्रोत, वनराई व तीर्थस्थाने यांच्यासाठी. ती कारणे पुरेशी सबळ आहेतच. त्यांच्या जोडीला हेही सांगावयास हवे की, खडी झाली तरी दगड दगडच राहतो, त्याची साक्ष मात्र नष्ट होते. दख्खनचे थर अफाट आहेत, त्यामुळे एका डोंगराने काही बिघडत नाही, असे म्हणता येईल. परंतु सुलट व उलट काळांच्या संधीचे थर, दोन लोटांमधील तांबड्या मातीचे पट्टे आणि थरांची अखंड क्रमवारी दाखविणारे कडे अफाट नाहीत. घाटरस्त्यांच्या व खाणींच्या नव्याने उघडलेल्या छेदांची, ते बुजण्यापूर्वी वा तुटण्यापूर्वी, पद्धतशीर नोंद व नमुना-संग्रह करणे हे विद्यापीठीय भूशास्त्र विभागांच्या आवाक्यातील काम आहे.

८

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. वेगेनर यांच्या ग्रंथाचे यश त्यांनी दिलेल्या कारणात किंवा मोजमापात नाही. बिरबल साहनी यांनी १९३६ साली या सिद्धांताची वनस्पति-जीवाश्मांच्या आधारे चिकित्सा केली, ड्यू टॉइट यांनी १९३७ साली दक्षिणेकडील खंडांच्या तुलनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला व तो वेगेनर यांच्या स्मृतीस अर्पण केला. या दोघांनाही ग्रंथातून कारण मिळाले नव्हते. मिळाला होता एक नेमका प्रश्न, जो खडकाला विचारता येत होता. खंड जागच्या जागी आहेत असे म्हणणाऱ्या पक्षाला नाशिकच्या पाषाणाकडे पाहण्याचे कारणच नव्हते. तो सरकला असे म्हणणाऱ्यालाच त्यातील कल मोजावासा वाटला.

ग्रीनलंडच्या मोजणीवर ग्रंथकाराने ठेवलेला विश्वास, बलांची अपुरी कल्पना व भारत-आशिया यांच्यामधील महासागराचा अभाव हे दोष खरे आहेत आणि ते सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. पण ज्या दोन गोष्टी वेगेनर यांनी ठामपणे सांगितल्या त्या टिकल्या आहेत : बुडणारे भूसेतू अशक्य आहेत, आणि वेगवेगळ्या शास्त्रांच्या साक्षी एकत्र ऐकल्याविना निर्णय करता येत नाही. १९३० साली ग्रीनलंडच्या हिमावर त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांचा सिद्धांत बहुतेकांनी त्याज्य ठरविला होता. भारत आज वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने ईशान्येकडे सरकत असल्याचे उपग्रहांच्या साहाय्याने मोजता येते. जे मोजमाप वेगेनर यांना हवे होते ते अखेर मिळाले. मात्र त्यापूर्वीच वादाचा निकाल दगडांनी व सागरतळाने लावलेला होता.